लेकराला थंडी बाधली, असं आजी म्हणते तेव्हा

चोपडा,
डिसेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री दोनदा वाचला. साक्री तालुक्यातल्या तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर नातवाला कडेवर घेऊन आलेली आजी म्हणाली, "पोरले थंडी बाधनी, ताई." तू तिला सांगितलंस की थंडीनं सर्दी होत नाही, विषाणूमुळे होते. तिनं तुझ्याकडे एकदा पाहिलं, नातवाला पदराखाली घेतलं आणि काही न घेता निघून गेली. आता तू विचारतेस, "बाई, माझं काय चुकलं?"

हेच वाक्य तू परीक्षेत लिहिलं असतंस, तर मी पूर्ण गुण दिले असते. ओट्यावर मात्र ते अपुरं पडलं. त्या आजीनं आयुष्यभर पाहिलंय की कार्तिक सरला, उत्तरेचा वारा सुटला की घरोघरी नाकं वाहायला लागतात, म्हातारी माणसं रात्र रात्र खोकतात, तान्ही बाळं गार पडतात. तिचं पाहणं खरं आहे, आणि तू ते एका वाक्यात खोटं ठरवलंस. जे तिनं डोळ्यांनी पाहिलं तेच जर ताई नाकारत असेल, तर ताईच्या तोंडून आलेला, कुणालाच न दिसणारा विषाणू ती कशाला मान्य करेल? थंडीचाही यात हात असतो. तो किती आणि कसा, हे आधी तुला नीट माहीत हवं. मग बोलणं आपोआप मऊ होईल.

तू केळीवाल्या घरातली मुलगी आहेस, म्हणून केळीपासूनच सुरुवात करते. डिसेंबर-जानेवारीत तुझ्या वडिलांची केळीची बाग बघ. पारा दहाच्या खाली गेला की झाडाची वाढ थांबते, नवं पान उलगडत नाही, निसवणाऱ्या झाडाचा घड मध्येच अडकतो, तयार फळाची साल काळपट होते. यात कुठलाही जंतू नाही, हे सगळं एकट्या थंडीचं काम. म्हणून वडील रात्री विहिरीचं पाणी सोडतात, बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करतात, घडाला पिशवी घालतात. त्याच बागेत कधी पानांवर पिवळे पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं कोवळं पान, सडतो. तो कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू. मावा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. तिथं धूर करून काही होत नाही, झाड उपटून बागेबाहेर न्यावं लागतं आणि मावा आवरावा लागतो. आणि करपा आला तर तो बुरशीचा, त्याला ओलावा लागतो. म्हणजे एकाच बागेत तीन दुखणी आणि तिन्हींचे उपाय वेगळे. त्यात आणखी एक गुंता: मोझॅकसुद्धा थंड, ढगाळ हवेत जास्त डोकं वर काढतो. तुझ्या वडिलांना कुणी "थंडी की विषाणू, एकच सांगा" असं विचारलं तर ते सरळ बागेत घेऊन जातील. किती झाडं, कुठल्या ओळीत, जुनं पान की नवं, हे बघतील आणि मग बोलतील. तुला ओट्यावर हेच करायचं आहे.

आता माणसाकडे येऊ.

सर्दी ही विषाणूंमुळे होते, याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. सर्दी करणारे दोनशेहून जास्त विषाणू आहेत. त्यांत सगळ्यात मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं, एकट्या त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार. म्हणून एकदा सर्दी झाली की पुन्हा होत नाही, असं कधी घडत नाही. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि अंगणवाडीतल्या लेकराला सहा-आठदा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे. "आमचं पोर सारखं आजारी पडतं" म्हणून घाबरलेल्या आईला हा आकडा सांगत जा. तिला खरंच हलकं वाटतं.

विषाणूच नसेल तर नुसत्या थंडीनं सर्दी होते का, हेही माणसांनी तपासून पाहिलंय. उत्तर ध्रुवाजवळ स्पिट्सबर्गेन नावाचं बेट आहे. तिथल्या कोळशाच्या खाणींच्या वस्तीचा 1930-31 मध्ये अभ्यास झाला. हिवाळ्यात समुद्र गोठतो आणि महिनोन् महिने एकही बोट येत नाही. थंडी अशी की आपण कल्पनाही करू शकणार नाही. पण त्या बंद हिवाळ्यात सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. वसंतात बर्फ वितळून पहिली बोट आली आणि थोड्याच दिवसांत गावभर नाकं वाहू लागली. थंडी कमी होत असताना सर्दी वाढली, कारण बोटीतून माणसं आली आणि माणसांबरोबर विषाणू आले. मला हे उदाहरण फार आवडतं. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, नुसतं गाव आणि बोट. आजीलाही कळेल असं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, इंग्लंडमध्ये सॅलिसबरी इथं खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र निघालं. स्वतःहून आलेल्या लोकांना तिथं अंघोळीनंतर ओल्या अंगानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, नंतर ओले मोजे घालून ठेवलं. काकडले बिचारे, पण नुसत्या काकडण्यानं त्यांना सर्दी झाली नाही.

इथंच थांबलीस तर तुझं ओट्यावरचं वाक्य जिंकतं. पण पुढची गोष्ट आजीच्या बाजूची आहे.

1878 मध्ये लुई पाश्चरनं पॅरिसमध्ये कोंबड्या घेऊन एक प्रयोग दाखवला. गुराढोरांना काळपुळीचा रोग होतो, शेळ्या-मेंढ्या पटापट मरतात, पण कोंबडीला तो होत नसे. कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, बेचाळीस अंशांच्या आसपास. पाश्चरला वाटलं की हीच उष्णता तिला वाचवत असावी. त्यानं एका कोंबडीला जंतू टोचून गार पाण्यात ठेवलं, ती मेली. दुसरीला जंतू टोचले पण गार केलं नाही, ती जगली. तिसरीला नुसतं गार पाण्यात ठेवलं, जंतू दिले नाहीत, तीही जगली. आणखी एका कोंबडीला जंतू टोचून, गार करून, आजार चढू लागल्यावर पाण्याबाहेर काढून उबेत ठेवलं, ती बरी झाली. जंतूशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसानंच हे दाखवलं की जंतू आणि थंडी एकत्र आली की गोष्ट वेगळी होते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत पाश्चर म्हणजे दूध आणि पिसाळलेला कुत्रा एवढंच येतं. या कोंबड्या यायला हव्या होत्या.

माणसाच्या सर्दीबद्दलही तसंच काहीसं दिसलंय. 2005 मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथं 180 जण घेतले. त्यांतल्या 90 जणांनी वीस मिनिटं गार पाण्यात पाय ठेवले आणि 90 जणांनी बूट-मोज्यांसकट रिकाम्या भांड्यात. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटात 13 जणांना आणि दुसऱ्या गटात 5 जणांना सर्दीची लक्षणं आली. नाकात विषाणू आहे का, हे त्यात तपासलं नव्हतं, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नकोस. संशोधकांचा अंदाज असा की पाय गारठले की नाकातल्या रक्तवाहिन्याही आकसतात, तिथला पहारा कमी होतो आणि आधीच आत शिरलेल्या विषाणूला मोकळं रान मिळतं. अमेरिकेत येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या प्रयोगशाळेनं 2015 मध्ये उंदरांच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर पाहिलं की 37 अंशांपेक्षा 33 अंशांवर ऱ्हायनोव्हायरस जोरात वाढतो, कारण गारव्यात पेशींचं संरक्षण ढिलं पडतं. आपलं नाक आतून साधारण 33 अंशांवरच असतं, थंडीत आणखी खाली. तेव्हा कान-नाक-डोकं बांध म्हणणारी आजी अगदीच हवेत बोलत नाही.

फ्लूचा विषाणू वेगळा, पण त्याचंही हवेशी नातं आहे. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गिनीपिग शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिलं. पाच अंशांच्या थंड, कोरड्या हवेत फ्लू एकाकडून दुसऱ्याकडे सहज गेला. तीस अंशांवर हवेतून गेलाच नाही. यातला "कोरडी" हा शब्द खानदेशासाठी महत्त्वाचा आहे. आठ अंशांची हवा पूर्ण दमट झाली तरी एका घनमीटरमध्ये साधारण आठ ग्रॅमच पाण्याची वाफ धरू शकते, तीस अंशांची हवा तीस ग्रॅम धरते. आपला मुलूख समुद्रापासून लांब. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, रात्री जमीन भराभर निवते आणि धुळ्याचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या येतात. अशा हवेत ओठ फुटतात, टाचा चिरतात, आणि नाकातला ओलावाही सुकतो. नाकातला चिकट द्रव आणि सूक्ष्म केस मिळून धूळ-जंतू बाहेर ढकलत असतात. तो थर सुकला की त्यांचं काम मंदावतं.

आणि माणसंही हिवाळ्यात एकमेकांच्या जवळ येतात. दारं-खिडक्या लावून एका गोधडीत तीन पोरं झोपतात. लग्नसराई असते, मळ्यात भरिताच्या पार्ट्या असतात, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. विषाणूला याहून काय हवं?

पण "सर्दी-फ्लू म्हणजे हिवाळा" असं समीकरण कुणाच्या मनात पक्कं होऊ देऊ नकोस. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तो 3 ऑगस्ट 2009 रोजी, ऐन श्रावणात. शाळा बंद झाल्या होत्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, आणि तेव्हा थंडीचा मागमूसही नव्हता.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला रोज उपयोगी पडेल. लोक थंडीला दोष देतात त्यामागं आणखी एक कारण आहे. ताप चढण्याआधी अंगात हुडहुडी भरते. मेंदूतलं केंद्र अंगाची उष्णता वाढवायचं ठरवतं, तोवर अंग नेहमीच्या तापमानालाच असतं, त्यामुळे माणसाला गार गार वाटतं. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात आणि मग ताप येतो. माणसाला आठवतं ते इतकंच की "काल सांजेला थंडी वाजली आणि रात्री आजारी पडलो." प्रत्यक्षात विषाणू त्याच्या एक-दोन दिवस, कधी तीन दिवस आधी, कुणाच्या तरी हळदीच्या मांडवात अंगात शिरलेला असतो. तेव्हा "थंडी वाजली" म्हणणाऱ्या माणसाला "दोन-तीन दिवसांमागं कुठं गेला होता? घरात कोण शिंकतंय?" असं विचारत जा. तो स्वतःच आठवून सांगेल आणि विषाणूची वाट त्याची त्यालाच दिसेल. आणि हुडहुडी भरून जोराचा ताप, मग घाम, पुन्हा ताप असं चाललं असेल तर सर्दीच्या गप्पा बाजूला ठेव आणि रक्ताची हिवतापासाठी तपासणी कर.

नुसतं नाक वाहणं हा तर आणखी निराळा प्रकार. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी भरायला गेलेल्या माणसाचं नाक पहाटे गळतं आणि घरी येऊन चहा घेतला की थांबतं. नाक गार हवा गरम आणि ओली करून छातीकडे पाठवतं, त्या धडपडीत पाणी जास्त सुटतं. तिथं खरोखर फक्त थंडी आहे, जंतू नाही. तो माणूस म्हणाला की थंडीनं नाक गळतंय, तर "हो" म्हण. दमेकऱ्याचंही तसंच, कोरड्या गार हवेनं त्याची श्वासनलिका जंतूशिवायही आवळते.

बोलायचं कसं, तर आजी म्हणाली "थंडी बाधनी", की तू तिच्याच अहिराणीत म्हण, "हा माय, थंडी ते शेच. घरमा आजून कोनले सर्दी शे का?" इतकंच. आजी म्हणेल, मोठ्या पोराला चार दिवसांपासून आहे, अंगणवाडीतून घेऊन आला. मग तू म्हण की त्याच्या शिंकेतून, हातातून ती धाकट्याकडे आली, आणि गारठ्यानं धाकट्याचा जोर कमी पडला. आजीची थंडीही राहिली आणि तुझा विषाणूही आला. मग पुढचं सांगायला जागा होते: मोठ्या पोराचा शेंबूड पुसल्यावर साबणानं हात धुवायचे, शिंकताना कोपर तोंडापुढं धरायचं, बाळाचा मुका घ्यायचा नाही, दुपारी ऊन असताना खिडकी उघडायची. हात धुण्यावर भर दे. ऱ्हायनोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे बाटलीतल्या सॅनिटायझरला तो म्हणावा तसा दाद देत नाही. साबण लावून पाण्याखाली चोळून धुतलं की तो हातावरून निघून तरी जातो.

एका ठिकाणी मात्र आजी पूर्ण बरोबर आहे, आणि तिथं तू तिच्या मागं उभी राहा. नवजात बाळाला थंडी स्वतःच मारू शकते. त्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, चरबी थोडी, कातडी ओली. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ तर बघता बघता निवतं. काखेत 36.5 अंशांच्या खाली गेलं की काळजी सुरू. थर्मामीटर हाताशी नसेल तर हाताच्या मागच्या बाजूनं आधी पोट आणि मग तळपाय बघ. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार असतील तर ताबडतोब आईच्या उघड्या छातीवर, वरून गोधडी, आणि दवाखान्याची गाडी. 1978 मध्ये कोलंबिया देशात बोगोटा शहरात उबवण्याच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आईच्या छातीला बांधली, तीच ही कांगारू पद्धत. जन्मल्या दिवशी अंघोळ घालू देऊ नकोस, चोवीस तास तरी जाऊ देत. टोपी-मोजे हवेतच. इथं "जंतूमुळे होतं, थंडीमुळे नाही" असं कुणी म्हणालं, तर ते बोलणं बाळाच्या जिवावर बेतेल.

उबेच्या नावाखाली जे धोक्याचं आहे त्यावर मात्र ठाम राहा. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं मला फार भीतीदायक वाटतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. शेकोटी अंगणात, झोपण्याआधी विझवून. बाळंतिणीच्या खोलीत धुरी करतात, तीही त्या चिमुकल्या फुप्फुसांना जाचते. चुलीच्या धुरानं लेकरांचा न्यूमोनिया वाढतो हे समजावायला वेळ लागेल, पण हे सोडू नकोस.

न्यूमोनिया ओळखणं हे तुझं हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. बाकी सगळं बोलणं त्यासाठीच, की आई तुझ्याकडे वेळेत यावी. लेकरू शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोज. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नकोस, लहान बाळांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आयाबाया पसली उडते म्हणतात, किंवा लेकरू पीत नसेल, सुस्त पडलं असेल, झटके आले असतील, तर दवाखान्यात पाठवायला क्षणभरही थांबू नकोस. केंद्र सरकारनं 2019 मध्ये सुरू केलेल्या 'सांस' मोहिमेत हेच शिकवलंय, तुझ्याकडे तक्ता असेलच. तो कपाटात ठेवू नकोस. आयांना त्यांच्याच लेकराचा श्वास मोजायला शिकव. ज्या आईला आकडे येत नाहीत तिला उघडं पोट दाखव, तिची नजर तुझ्यापेक्षा तीक्ष्ण असेल.

सुई आणि सलाईनची मागणी तुला रोज होईल. सर्दीच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पेनिसिलिन हे 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगला सापडलेलं औषध जिवाणूंसाठी. जिवाणू ही स्वतः खाणारी-वाढणारी पूर्ण पेशी असते, औषध तिच्या भिंतीवर घाव घालतं. विषाणूला ती भिंतच नाही. सर्दीचा विषाणू सुमारे तीस नॅनोमीटरचा, साधा जिवाणू त्याच्या तीसेक पट मोठा. आपल्याच पेशीत शिरून तो वाढतो. "शेंबूड हिरवा झाला, आता तरी गोळी द्या" हे वाक्य तर तू कंटाळेपर्यंत ऐकशील. हिरवा रंग जंतूचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यातल्या लोहयुक्त द्रव्यामुळे तो रंग येतो. आईला सांग, "अंगातले शिपाई कामाला लागलेत." सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या मोठ्या माणसाचा थुंका क्षयासाठी तपासायला पाठव, ती तपासणी फुकट आहे. आणि न्यूमोनियाचं निदान झालं की अमॉक्सिसिलिन द्यायला कचरू नकोस, तिथं तेच औषध जीव वाचवतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. सर्दी झाली की लेकराचं केळं बंद, दही बंद, कधी कधी आईचं दूधसुद्धा बंद. जळगावची केळी देशभर जातात आणि आपलंच आजारी पोर केळ्याविना राहतं, याचं मला वाईट वाटतं. केळ्यानं सर्दी होत नाही. नाक चोंदलेल्या लेकराला मऊ, गोड, सहज गिळता येणारं अन्न हवं, आणि केळं तसंच असतं. घरच्यांना गार नको वाटत असेल तर वाद घालू नकोस, उन्हात ठेवलेलं केळं दे म्हणावं. आईचं दूध अजिबात थांबू द्यायचं नाही. आलं-गूळ, हळदीचं दूध, ओव्याची कोमट पुरचुंडी मोठ्यांना चालू दे, त्यानं बरं वाटतं. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू देऊ नकोस, गुटीतूनसुद्धा नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. गरम पाण्याचं पातेलं लेकरासमोर ठेवून वाफ देऊ देऊ नकोस, भाजलेली लेकरं फार वाईट अवस्थेत येतात.

शेवटची एक गोष्ट, आणि ती याच आठवड्यात कर. तुझ्या गावातली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली असतील. फडावरच्या कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, थंडी, धूर आणि दाटी तिन्ही एकत्र असतात, आणि लेकरांच्या लसी चुकतात त्या इथंच. न्यूमोनियाच्या एका मुख्य जिवाणूविरुद्धची पीसीव्ही लस आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळा. आशाताईला बरोबर घेऊन गेलेल्या घरांतल्या दोन वर्षांखालच्या लेकरांची यादी कर, कुणाचा कुठला डोस राहिला ते लिही, आणि मुकादमाचा फोन नंबर मिळवून ते ज्या तालुक्यात असतील तिथल्या आरोग्य केंद्राला कळव. जी घरं अजून निघाली नाहीत त्यांना लसीकरणाचं कार्ड पिशवीत बरोबर न्यायला सांग.

शनिवारी दुपारी मी मोकळी आहे, फोन कर. श्वास मोजताना आया काय काय विचारतात ते लिहून ठेव, मला ते ऐकायचंय.

तुझ्या
बाई